एरिक कॅम्पबेल: चॅप्लिनच्या सिनेमांतला तो भुवयांचा राक्षस

खिडकीतला (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात तापाने चार दिवस घरी पडून होतो. वाचवत नव्हतं, झोपही येत नव्हती. मग चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी केलेले बारा लघुपट ओळीने पाहून काढले. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखा त्या टोपी-काठीवाल्याकडेच बघत होतो. तिसऱ्या-चौथ्या सिनेमापासून नजर दुसरीकडेच जायला लागली. साडेसहा फुटांना एक इंच कमी उंची, वजन १३५ किलोच्या घरात, आणि भुवया अशा की कोळशात बुडवलेले दोन झाडू कपाळावर उलटे चिकटवलेत.

हा एरिक कॅम्पबेल. बारांपैकी अकरा सिनेमांत हा आहे. उरलेला 'वन ए. एम.' म्हणजे दारू पिऊन घरी आलेल्या चॅप्लिनचा जवळजवळ एकपात्री प्रयोग, त्यात दुसऱ्या कोणाला फारशी जागाच नाही. बाकी सगळीकडे चार्लीच्या वाटेत हा उभा: दुकानाचा मॅनेजर, अग्निशमन दलाचा प्रमुख, जिप्सींचा म्होरक्या, शिंपी, चोर, गल्लीतला गुंड, हॉटेलातला हेड वेटर, पाय सुजलेला श्रीमंत रोगी. 'बिहाइंड द स्क्रीन'मध्ये तर चॅप्लिनच्या पात्राचं नाव डेव्हिड आणि याचं गोलियाथ, बायबलातल्या पोरगा आणि राक्षस या जोडीवरून.

थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी १९१६ मध्ये चॅप्लिनने म्युच्युअलशी करार केला. आठवड्याला १०,००० डॉलर आणि वर १,५०,००० डॉलर बोनस, म्हणजे वर्षाचे ६,७०,०००. वय २६! कॅम्पबेल तेव्हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम करत होता. स्कॉटलंडमधल्या डनून गावचा हा माणूस चॅप्लिनसारखाच इंग्लंडच्या फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत तयार झालेला. त्यामुळे मार खायचा कसा, पडायचं कसं, समोरच्याच्या हालचालीत आपली हालचाल कुठे मिसळायची, हे दोघांना एकाच तालमीत शिकवलेलं. चॅप्लिनने त्याला कॅलिफोर्नियाला नेलं. मे १९१६ मध्ये पहिला सिनेमा आला, 'द फ्लोअरवॉकर'. ऑक्टोबर १९१७ मध्ये शेवटचा, 'द ॲडव्हेंचरर'. जेमतेम दीड वर्ष. कारकीर्द म्हणतात ती एवढीच, कारण डिसेंबर १९१७ मध्ये हा माणूस गेला. वय ३७.

आता 'ईझी स्ट्रीट'मधला तो प्रसंग. (जानेवारी १९१७. नसेल पाहिला तर आधी पाहून या, वीस-पंचवीस मिनिटांचा मामला आहे.) चार्ली नवा नवा पोलीस झालाय. त्याच्या वाट्याला आलेली गल्ली अशी की आधीचे पोलीस तिथून झोळीत घालून परत आणावे लागतात. गल्लीत कॅम्पबेल एकटा. चार्ली दंडुका काढून त्याच्या डोक्यात घालतो. काही नाही. पुन्हा घालतो. कॅम्पबेल डोकं पुढे करून देतो, जणू न्हाव्याकडे बसलाय. मग आपली ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा दिवा खांबासकट वाकवून खाली आणतो. चार्ली टुणकन त्याच्या पाठीवर चढतो, दिव्याची पेटी त्याच्या डोक्यावर बसवतो आणि गॅस सोडतो. पुढचं खरं बघण्यासारखं: चार्ली एकदम डॉक्टर होतो. नाडी बघतो, विचार करतो, आणि अजून थोडा गॅस सोडतो.

हसून झाल्यावर मी तो तुकडा पुन्हा पाहिला, फक्त कॅम्पबेलकडे बघत. तो एका क्षणालाही गंमत करत नाही. त्याच्या दृष्टीने हा विनोदी सिनेमा नाहीच. तो खराच जीव घ्यायला आलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला चॅप्लिनच्या हलकेपणाचं जे कौतुक वाटतं, त्याचं वजन समोरच्या या माणसाने उचललंय. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ

भुवया बघून मला आमचे गणिताचे सर आठवले. त्यांनीही एका क्षणाला गंमत केली नव्हती.

मीनल_ठाणे

सुंदर धागा. लहानपणी दूरदर्शनवर हे तुकडे बघितलेत, नाव आज कळलं. आम्ही घरी त्याला 'दाढीवाला जाड्या' म्हणायचो. ताप उतरला का आता?

धुरकट

चांगलं लिहिलंय. दोन तांत्रिक गोष्टींची भर घालतो.

पहिली, भुवया. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. लाल रंग तिला दिसतच नसे, तो काळा उमटायचा. निळा मात्र पांढुरका व्हायचा. म्हणजे गोऱ्या माणसाच्या तोंडावरची लाली पडद्यावर डाग होऊन यायची आणि निळे डोळे विझून जायचे. त्यामुळे चेहऱ्यावर पांढरा थर आणि त्यावर काळ्या रेषा, हा त्या काळचा रिवाजच. शिवाय या सिनेमांत कॅमेरा बऱ्याचदा पूर्ण माणूस दिसेल इतका लांब असतो, क्लोज-अप मोजके. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला राग कळायचा तर तो भुवईतच भरावा लागणार. चॅप्लिनची मिशी आणि कॅम्पबेलच्या भुवया या एकाच गरजेतून आल्यात.

दुसरी, वेग. मीनलताई, तुम्ही दूरदर्शनवर बघितलेलं बहुतेक सेकंदाला चोवीस फ्रेम्सच्या वेगाने पळवलेलं असणार. मूळ चित्रीकरण हाताने कॅमेरा फिरवून, बरंच कमी वेगाने केलेलं. १९३२ साली व्हॅन ब्युरेन कंपनीने हे बाराही सिनेमे विकत घेऊन त्यांना संगीत आणि धाडधूड आवाज जोडले, तेही बोलपटाच्या वेगाला. वर्षानुवर्षं लोकांनी तेच बघितलं. पळवलेल्या प्रतीत चॅप्लिन मजेशीर दिसतो, पण कॅम्पबेल वाया जातो, कारण एवढा जड माणूस तुरुतुरु चालला की वजनच जातं. नीट दुरुस्त केलेल्या, योग्य वेगाच्या प्रती आता मिळतात. त्यात तो वळतो ते बघा. आधी मान, मग खांदे, मग बाकीचा डोंगर.

दप्तरी

एक दुरुस्ती. डनूनची कथा बरीच वर्षं चालली, तिथे त्याच्या नावाचा फलकही आहे. पण तो जन्मला इंग्लंडमध्ये, चेशर परगण्यातल्या सेल गावी, २६ एप्रिल १८८० रोजी. पूर्ण नाव आल्फ्रेड एरिक कॅम्पबेल. स्कॉटिश आडनाव आणि देह बघून लोकांनी डोंगराळ मुलूख चिकटवला असावा, असा आपला माझा अंदाज.

खिडकीतला

@दप्तरी, धन्यवाद. मूळ लेख बदलत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी राहील.
@धुरकट, भुवयांचा मुद्दा डोक्यातही आला नव्हता.
@मीनल, उतरला हो. खोकला आहे अजून.

अण्णा७२

लेख आवडला, पण शेवटचं वाक्य पटलं नाही. वजन उचललं वगैरे जरा जास्तच होतंय. चॅप्लिन लिहायचा तोच, दिग्दर्शन त्याचं, कोणी कुठे उभं राहायचं ते तोच ठरवायचा, एकेका प्रसंगाचे ढीगभर टेक घ्यायचा. अशा माणसाला समोर एक धिप्पाड देह हवा होता, तो मिळाला. कॅम्पबेलच्या जागी दुसरा कोणी जाडजूड गडी असता तरी आपण हसलोच असतो. मांडणी पटावरची, सोंगट्या कुठल्या का असेनात.

सानिका_रेघ

अण्णा, तुमच्या म्हणण्याची परीक्षा खुद्द चॅप्लिननेच घेऊन ठेवलीय. :)

केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये 'अननोन चॅप्लिन' नावाची तीन भागांची मालिका केली होती. त्यांच्या हाती म्युच्युअलच्या सिनेमांची न वापरलेली रिळं लागली होती. प्रत्येक टेकआधी धरलेल्या पाटीवर नंबर, त्यामुळे चॅप्लिन कुठल्या क्रमाने विचार करत गेला ते दिसतं. 'द इमिग्रंट'मधला हॉटेलचा प्रसंग त्यात आहे, आणि सुरुवातीच्या टेक्समध्ये हेड वेटर कॅम्पबेल नाहीये! हेन्री बर्गमन आहे. बर्गमनही चांगला गरगरीत, चॅप्लिनच्या अगदी आतल्या गोटातला, 'द रिंक'मध्ये त्याने बाईचं सोंग झकास केलंय. हॉटेल तेच, चार्ली तोच, वेटरही जाडाच. पण प्रसंग उभाच राहत नाही. बर्गमन वेटर म्हणून कुरकुऱ्या वाटतो. त्याची भीती वाटत नाही.

चॅप्लिनने काय केलं? बर्गमनला काढून कॅम्पबेलला आणलं आणि आधीचं पुन्हा चित्रित केलं. बर्गमनला मग चित्रकाराची भूमिका दिली.

आता तयार प्रसंग आठवा. चार्लीला रस्त्यात एक नाणं सापडलंय, ते त्याने खिशात टाकलंय आणि खिशाला भोक आहे. हे आपल्याला माहीत, त्याला नाही. आत येऊन तो शेंगांतले दाणे खातोय, नायिका एडना समोर बसलीय. तेवढ्यात पलीकडच्या एका गिऱ्हाइकाला सगळे वेटर मिळून तुडवतात आणि बाहेर फेकतात. चार्ली विचारतो, याने काय केलं? उत्तर येतं: दहा सेंट कमी पडले. आणि मग चार्ली खिसा चाचपतो.

इथून पुढे कॅम्पबेल फक्त टेबलापाशी येऊन उभा राहतो. बाकी काही नाही. एक नाणं जमिनीवर पडतं, चार्ली त्यावर पाय ठेवतो, उचलतो, ऐटीत देतो. कॅम्पबेल ते दातांखाली धरून वाकवतो. खोटं! तो वाकवताना चार्लीकडेच बघत असतो. मी ॲनिमेशन शिकवते, हा प्रसंग दर वर्षी वर्गात आवाज नसतानाही दाखवते (मूकपट आहे, पण तुम्हाला कळलं), आणि दर वर्षी नाणं वाकलं की वर्गात कोणीतरी "आई गं" म्हणतं. हसू नंतर येतं.

पट तोच ठेवून सोंगटी बदलली, अण्णा. डाव बदलला.

टवाळ

सानिका +१. अण्णा, दहा सेंट कमी पडले तुम्हाला.

अण्णा७२

बर्गमनचं मला खरंच माहीत नव्हतं. माघार घेतो, पण अर्धीच. कॅम्पबेलला आणायचं सुचलं कोणाला? चॅप्लिनलाच ना.

खिडकीतला

ते मान्यच आहे, अण्णा. कुस्तीत चितपट होणाऱ्यालाही कसब लागतं एवढंच माझं म्हणणं. 'द रिंक'मध्ये हे दोघं चाकांच्या स्केट्सवर आहेत. चॅप्लिन त्यात पटाईत. कॅम्पबेलचं काम त्याहून कठीण, कारण त्याला येत नाही असं दाखवत, एवढा देह घेऊन, नेमक्या जागी, नेमक्या क्षणी आदळायचंय. आणि आदळून उठताना पुन्हा तेवढंच संतापलेलं दिसायचंय. दहाव्या वेळीही.

फिरस्ता

मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो, त्यामुळे शेवटाबद्दल लिहायला हवं. धागाकर्त्याने एका वाक्यात आवरलंय, ते बरंही केलं असेल, पण ती हकीकत फार वाईट आहे.

९ जुलै १९१७ ला कॅम्पबेलची बायको गर्ट्रूड हृदयविकाराने अचानक गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची सोळा वर्षांची मुलगी ऊना आईच्या दुखवट्याचे कपडे आणायला निघाली असताना तिला गाडीने उडवलं. ती वाचली, पण जबर जखमी. सप्टेंबरमध्ये एका पार्टीत कॅम्पबेलला पर्ल गिलमन भेटली, पाच दिवसांत लग्न झालं. दोन महिन्यांच्या आत घटस्फोटाचा दावा. मग तो घर सोडून लॉस एंजेलिस ॲथलेटिक क्लबमध्ये राहायला आला, चॅप्लिनच्या शेजारच्या खोलीत. २० डिसेंबरच्या पहाटे पार्टीहून दारूच्या नशेत परतताना विल्शायर बुलवार्ड आणि व्हर्मांट ॲव्हेन्यूच्या चौकात गाडी आपटली. तिथेच गेला.

तारखा एका ओळीत लावून बघा. 'द ॲडव्हेंचरर' ऑक्टोबरमध्ये आला. त्यात चार्लीच्या विजारीत आइस्क्रीम पडतं आणि ते खालच्या मजल्यावरच्या बाईच्या पाठीवर जातं, तो गोंधळ. वर्तमानपत्रात फरार कैदी चार्लीचा फोटो येतो, तर चार्ली त्यावर दाढी काढून तो कॅम्पबेलसारखा करून टाकतो, तीही गंमत. त्याच उन्हाळ्यात हा माणूस घरी काय घेऊन जात होता, ते पडद्यावर कुठेही सांडलेलं नाही.

तो विल्शायर-व्हर्मांट चौक माझ्या रोजच्या वाटेवर आहे. आता तिथे मेट्रोचं स्टेशन आहे, वर उंच इमारती. वर्षभर तिथे गाडी बदलतोय, आज कळलं.

मीनल_ठाणे

बापरे. सोळा वर्षांची पोर. पुढे काही लिहवेना.

दप्तरी

फिरस्ता यांच्या माहितीला जोड. अंत्यविधीनंतर त्याच्या अस्थी कोणी न्यायलाच आलं नाही. त्या अंत्यविधी करणाऱ्यांच्या कपाटात १९३८ पर्यंत पडून होत्या. मग रोझडेल दफनभूमीत पाठवल्या, तिथल्या कचेरीत आणखी चौदा वर्षं. १९५२ मध्ये एकदाच्या पुरल्या, पण नेमक्या कुठे त्याची नोंद केली नाही. म्हणजे एवढा थोरला माणूस आणि पस्तीस वर्षं एका डब्यात.

धुरकट

रोझडेल आणि १९५२ म्हटल्यावर आठवलं. हॅटी मॅकडॅनियलही तिथेच, त्याच वर्षी. 'गॉन विथ द विंड'मधल्या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी, ऑस्कर मिळवणारी पहिलीच कृष्णवर्णीय कलावंत. तिला हॉलीवूड दफनभूमीत जागा हवी होती, वर्णामुळे नाकारली गेली, म्हणून रोझडेल. १९६१ मध्ये चिनी-अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँगही तिथेच. दुय्यम भूमिकांचं गावच आहे म्हणायचं ते.

सानिका_रेघ

मूळ मुद्द्याकडे येते. कॅम्पबेल गेला तेव्हा चॅप्लिन म्युच्युअल सोडून फर्स्ट नॅशनलकडे गेलेला होता. आठ सिनेमांचे दहा लाख डॉलर, ला ब्रेआ रस्त्यावर स्वतःचा नवा स्टुडिओ. कॅम्पबेल त्या स्टुडिओत असणार हे गृहीतच होतं. मधल्या काळात त्याला तेव्हाची मोठी तारका मेरी पिकफर्ड हिच्या एका सिनेमासाठी उसना देण्याचं ठरलं होतं. तेही राहिलं.

माझं निरीक्षण असं: त्यानंतर चॅप्लिनने दुसरा गोलियाथ शोधला नाही. दांडगे लोक येत-जात राहिले, पण अकरा सिनेमांत एकच माणूस वाट अडवतोय असं पुन्हा झालं नाही. भीती दुसरीकडून यायला लागली. अनाथालयाची गाडी, बर्फ, भूक, पुढे कारखान्याचं यंत्र.

अण्णा७२

आणि मॅक स्वेन? 'द गोल्ड रश'मधला बिग जिम? तो कॅम्पबेलचीच गादी चालवतो की. भुकेने वेडा होऊन चार्लीला कोंबडी समजतो आणि बंदूक घेऊन मागे लागतो.

सानिका_रेघ

छान उदाहरण. पण बघा, तिथे स्वेन मुळात मित्र आहे. चार्ली शिजवलेला बूट त्याच्याबरोबर वाटून खातो. भूक लागली की तो राक्षस होतो, अस्वलाचं मांस मिळालं की पुन्हा माणूस. कॅम्पबेलला असं कारण लागत नव्हतं. तो सकाळी उठायचाच तसा. स्वेनचा बिग जिम मला जास्त आवडतो खरं तर, पण ते वेगळं काम आहे.

धुरकट

अवांतर: म्युच्युअलचे सिनेमे झाले तो लोन स्टार स्टुडिओ १९२० पासून मूकपटांतला दुसरा मोठा विनोदवीर बस्टर कीटन याच्याकडे आला. आणि कीटनचाही स्वतःचा गोलियाथ होता, जो रॉबर्ट्स. तोही सहा फुटांच्या वर आणि रुंद. 'अवर हॉस्पिटॅलिटी'च्या चित्रीकरणात त्याला पक्षाघाताचा झटका आला, परत येऊन त्याने काम पुरं केलं आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये गेला. सिनेमा लागायच्या आधी. एकाच आवारात दोन राक्षस, दोघंही मध्येच उठून गेले. यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

खिडकीतला

तुम्हीच काढा, धुरकट. वाट बघतो.

फिरस्ता

शनिवारी रोझडेलला जाऊन आलो. वॉशिंग्टन बुलवार्डवर आहे, चौकापासून फार लांब नाही. जुनी जागा, पाम वृक्ष, काही थडगी कललेली. हॅटी मॅकडॅनियलच्या दगडापाशी कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. कॅम्पबेलसाठी मी एक गुच्छ नेला होता, पण ठेवणार कुठे? गवतावर अर्धा तास फिरलो. उन्हाने फुलं मान टाकायला लागली तेव्हा एका पामच्या बुंध्याशी ठेवली. झाड भलंमोठं होतं, म्हटलं चालून जाईल.

मीनल_ठाणे

काल रात्री लेकीला 'ईझी स्ट्रीट' दाखवला, आठ वर्षांची आहे. सुरुवातीला माझ्या मागे लपून बघत होती. दिवा वाकवल्यावर तीन वेळा मागे नेऊन बघितलं. झोपताना विचारते, "आई, तो दिवा खरा होता का?" मी सांगितलं उद्या विचारून सांगते. तर सांगा आता कोणीतरी.

खिडकीतला

नाटकाचाच होता. पण चित्रीकरणात एकदा तो चॅप्लिनच्या तोंडावर पडला आणि नाकाच्या दांडीवर चांगलीच जखम झाली. जखमेवर रंग फासता येईना, म्हणून काही दिवस काम बंद ठेवावं लागलं. तेव्हा तिला सांगा, दिवा खोटा, लागलं खरं.

मीनल_ठाणे

सांगितलं. पुढचा प्रश्न: "आणि त्या मोठ्या काकांना गॅस खरा लागला का?"